जयवंताच्या मागं सायकल

वडाळी, अमरावती
४ डिसेंबर २०२३

चि. संध्यास बाबाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुयं बोलणं मले ऐकू येत नाई. कापसाच्या जिनिंगमधल्या मशिनींनी कान नेले ते नेलेच, म्हणून हा कागद. किशोररावांले सांग, यंदाची संत्री त्यांच्या स्वभावासारखी आहेत, वरून गोड अन् आत आंबट. खुशीचा दात पडला का?

आता तुया मायचं, आपल्या जयवंताचं सांगतो, घाबरू नको. प्रसूतिगृहात आया म्हणून लागली तवा तू कडेवर होती. तवापासून ती सायकलीनंच जाते. परवा मात्र राजापेठेत दवाखान्यापाशी थांबायचं सोडून सरळ बडनेऱ्याच्या रस्त्यानं निघून गेली. शेजारच्या नितेशले ती एका चहाटपरीवर बसलेली दिसली. तो मले घेऊन गेला, तर मले पाहून म्हणे, दवाखाना कोणी उचलून नेला काय जी? मी हासलो. ती हासली नाई.

औषधपाणी पाहतोच. लोभ हाय तसाच राहू दे.

तुया बाबा

अकोला
११ डिसेंबर २०२३

ती. बाबांस संध्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

खुशीचा दात पडला आणि तिनं तो हरवलाही. संत्र्यांचा टोमणा वाचून आमचे हे दोन दिवस गोडच बोलत आहेत.

बाबा, मायच्या सायकलीला आजच कुलूप लावा. तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या आणि ते काय म्हणाले ते खरं लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लपवू नका. इकडची मागची खोली रिकामीच आहे.

तुमच्या पत्राची वाट पाहणारी,
संध्या

वडाळी
८ जानेवारी २०२४

चि. संध्यास आशीर्वाद.

खरंच लिहितो. डॉक्टर म्हणतात, हा विसरण्याचा रोग हाय. गोळ्यांनी हळू चालंल, पण मागं फिरणार नाई. प्रसूतिगृहाच्या मॅडम स्वतः घरी आल्या, आता आराम करा म्हणाल्या, लुगडं नेसवलं. दुसऱ्या दिवशी तेच लुगडं नेसून माय कामाले निघाली.

कुलूप लावलं होतं. डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली अन् लहान लेकरासारखी रडली. बाई अडली हाय, मले उशीर होऊन राहिला, काहून अडवता, म्हणे. मले ते पाहवलं नाई, कुलूप काढलं. आता ती पुढं अन् मी मागं, माया सायकलीवर. तिले माईत नाई. मागून येणारा ट्रक मले ऐकू येत नाई, म्हणून घडीघडी मान वळवतो. दवाखान्याच्या फाटकावरचा चौकीदार भला माणूस हाय. तिले बाकावर बसवतो, चहा पाजतो, अन् थोड्या वेळानं सुट्टी झाली म्हणून सांगतो. मंग आमी तसेच घरी.

रागावू नको.

तुया बाबा

अकोला
१५ जानेवारी २०२४

ती. बाबांस सा. नमस्कार.

रागावू नको म्हणता! तुम्हाला ऐकू येत नाही, तिला आठवत नाही, आणि दोघं त्या रस्त्यावर. मला घास जात नाही. रविवारी गाडी घेऊन आम्ही दोघं तुम्हाला इकडे न्यायला येतो आहोत. तुम्ही नाही म्हणालात तरी.

तुमचीच,
संध्या

वडाळी
१८ जानेवारी २०२४

चि. संध्यास आशीर्वाद.

नाई म्हणत नाई. ये.

काल इर्विन चौकाच्या अलीकडं तिची चेन पडली. ती रस्त्यातच उभी राहिली, म्हणून मी पुढं होऊन चेन बसवून दिली. तिनं मायाकडं पाहिलं अन् म्हणाली, भाऊ, लई उपकार झाले. तिच्या ओठांवरचं वाचायची सवय हाय मले, चुकलो नाई. कुठं चालले, विचारलं. मी म्हटलं, इकडंच. तं म्हणे, संगं चाला. अलीकडं मले रस्ता चुकते, पण आमच्या मालकांले कळू देऊ नका. त्यांले ऐकू येत नाई, तरी माया तोंडावरून सारं समजते. जीवाले लावून घेतील.

नाई सांगणार म्हटलं.

इतक्या वर्षांत आमी कधी जोडीनं सायकल चालवली नव्हती. तिचं काम एकीकडं, मायं दुसरीकडं. काल राजापेठेपर्यंत बरोबर गेलो. ती बोलत होती, पण हँडल सांभाळू का तिचं तोंड पाहू? अर्धंअधिक तसंच गेलं.

संध्याकाळी घरी तिनं मले ओळखलं. ताट वाढलं. कसा गेला दिवस, विचारलं, तं म्हणे, रोजच्यासारखाच. अन् नजर खाली घातली.

सामान बांधून ठेवतो. रविवारी आल्यावर दारातून मले एकदम बाबा म्हणून हाक मारू नको. आधी तिच्या तोंडाकडं पाह्य. त्या घडीले मी तिचा कोण हावो, ते समजलं की मंगच हाक मार.

दोघांवर माया असू दे.

तुया बाबा
भगवंत