पुसायला काढलेले फोटो

अहो,

भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या. मी ताईकडे जाते आहे.

बाथरूमचा गळका नळ वर्षानुवर्षं माझ्या विनवण्यांना पुरून उरला होता; तो परवा तुम्ही न सांगता दुरुस्त केलात. काल ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवलंत आणि म्हणालात, "खोली कशी मोठी दिसते!" कोणाला दिसायची होती? राहतो तर आपण दोघंच. आणि पुसायला म्हणून काढलेले आपले फोटो आज मला माळ्यावर सापडले.

दुपारी एक जोडपं आलं. "साहेबांनी घर बघायला बोलावलंय," म्हणाले. मी चहा दिला, कपाट बाजूला करून ओल दाखवली, फोटो पुन्हा टांगले. लग्नाच्या फोटोतली बाई मीच, हे त्यांना पटायला जरा वेळ लागला. निम्मं घर तिच्या नावावर आहे आणि तिला कोणी विचारलेलं नाही, हे मात्र लगेच पटलं. बिचारे चहा अर्धा टाकून गेले.

नवं घर किती माणसांसाठी बघताय, तेवढं फोन करून सांगा. तोवर फोटो भिंतीवरच राहू द्या.