पोटरीतली गुठळी

प्रिय भिंगरी,

डबा पोचला. जावईबापू रोज वर येतात, डबा ठेवतात, माझी उशी नीट करतात आणि तू कुठे आहेस विचारलं की दुकानात गर्दी आहे म्हणतात. बिचाऱ्यांना खोटं बोलता येत नाही. शेजारच्या खाटेवरचे मास्तर खिडकीतून बघून सांगतात, तुमची मुलगी आजही फाटकाशी उभी आहे. परवा माझ्या मणक्याचं ऑपरेशन आहे आणि तू अजून जिना चढलेली नाहीस. अक्षर वाकडं आहे, आडवा पडून लिहितोय, सांभाळून घे.

इथे छताशिवाय बघायला काही नाही, म्हणून मी आपलं दुकानच बघत पडतो. साबणाचा फेस, तुरटीचा खडा, गिऱ्हाइकांच्या न संपणाऱ्या गप्पा. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून यायच्या. घरी येऊन पालथा पडलो की तू भिंतीला धरून माझ्या पायांवरून चालायचीस. बापाला तुडवायची एवढी हौस कुठल्या मुलीला असते, असं तुझी आई म्हणायची. तू मोठी झालीस, मी खालून कण्हायला लागलो, तेव्हा हाताने चेपायला लागलीस. पुढे माझ्याच शेजारच्या खुर्चीवर कामाला उभी राहिलीस आणि बघता बघता रांग तुझ्याकडे, माश्या मारायला मी. तेव्हा वरवर कुरकुरायचो, पण मनातून फार सुखावलो होतो गं. ते दिवस चांगले होते.

आरशावरचा दिवा बदलायला स्टुलावर चढलो आणि मणका मोडून घेतला. जन्मभर उभं राहिलेल्या माणसाला आडवं पडून राहायची शिक्षा. नुसतं पडून राहिलं की पायातलं रक्त साकळतं, त्याची गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, हे मला डॉक्टरीणबाईंनी मागाहून समजावलं. रक्त पातळ करायची सुई द्यावी तर मणक्यापाशी रक्तस्राव व्हायची भीती, न द्यावी तर गुठळीची. इकडे आड, तिकडे विहीर.

त्या संध्याकाळी डावी पोटरी सुजून ठणकत होती. आपल्या घरात पाय दुखला तर काय करायचं, हे कोणी शिकवावं लागत नाही. मी नुसतं भरून आलीय म्हटलं आणि तू चेपायला बसलीस. बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मग एकाएकी छातीत कळ आली, श्वास पुरेना. नर्सबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, “पोटरी कोणी चोळली?” तुझा चेहरा पांढराफटक पडला, तेवढाच मला आठवतो. शुद्धीवर आलो तेव्हा तू नव्हतीस.

पुढची गुठळी अडावी म्हणून आता पोटातल्या मोठ्या शिरेत जाळी बसवली आहे आणि शेवटी रक्त पातळ करायची सुईही जपून सुरू केली आहे, ऑपरेशनआधी ती थांबवतील. तुझं विचारायचं धाडस होणार नाही, म्हणून मीच डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “गुठळी आधीपासून होती. चेपल्याने सुटली असेल, नाहीतर आपोआपही सुटली असेल. कोणालाच सांगता येणार नाही.” तू लहान नाहीस, म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले. मला तुझा राग नाही, कधी नव्हता. तुझी आठवण येते, आणि ऑपरेशनची भीती वाटते, हेही आता लिहूनच टाकतो.

पत्र लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच आहे. दाढी वाढून मी ओळखू येईनासा झालोय. इथला माणूस यंत्र फिरवून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. मुलीकडून वस्तऱ्याने करून घेतो म्हटल्यावर नर्सबाई घाबरल्या. रक्त पातळ आहे, जरा जरी कापलं तर थांबायचं नाही, मुलीच्या हाताचा एवढा भरवसा आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे. शेवटी त्या हो म्हणाल्या. तेव्हा उद्या सकाळी डबा राहू दे, वस्तरा घेऊन वर ये. मान हलवणार नाही.

तुझाच,
बाबा