एकशे एक्केचाळिसावी पत्रिका

२ फेब्रुवारी

ठरलं! पत्रिकेचा छापील मजकूर तोच राहणार — आजीच्या लग्नापासून चालत आलेला, लांबलचक, कडक इस्त्रीचा. पण खालच्या मोकळ्या जागेत प्रत्येकाला एक ओळ मी स्वतः लिहिणार. ज्याची त्याला.

बाबा म्हणाले, "पत्रिका आहे ती, गप्पांची वही नाही." आणि अर्ध्या तासानं दुकानातून पाच रंगांच्या शाईच्या बाटल्या घेऊन हजर! पाट्या रंगवणारा हा माणूस आयुष्यभर असाच. आधी नाही म्हणायचं, मग सामान आणून द्यायचं.

४ फेब्रुवारी

यादी पक्की. एकशे चाळीस. काका नाहीत.

मी आईकडे पाहिलं, आईनं भाजीकडे. बाबा म्हणाले, "ते नाव नको." नऊ वर्षं झाली. काकांनी ब्रश सोडून बोर्ड छापायचं यंत्र घेतलं, आणि एका दुकानाची दोन दुकानं झाली. दोघेही हट्टी. दोघांचंही नाक एकसारखं, आणि दोन्ही नाकांवर राग.

काकांशिवाय मला लग्न करायचं नाहीये. पण हे बाबांना सांगायची हिंमत नाही. खरंच नाही.

७ फेब्रुवारी

सगळी पाकिटं यादीच्या क्रमानं लिहून तयार.

९ फेब्रुवारी

बोटं पाच रंगांची. दवाखान्यात पेशंटनं विचारलं, "दात रंगवता का इथे?" दातांच्या डॉक्टरांच्या काउंटरवर बसते ना मी, लोकांना काहीही वाटतं.

एकशे चाळीस ओळी संपल्या, यादीच्याच क्रमानं. नावं घातली नाहीत कुठे — पाकिटावर आहेतच, परत आत कशाला? मग एक पत्रिका उगीच जास्तीची लिहिली. निळ्या शाईत. "शिडी तुम्ही धरली होती, म्हणून मी कधी पडले नाही. त्या दिवशीही समोर हवे आहात." पाठवणार नाहीये. पाकीटसुद्धा केलं नाही. फक्त लिहिली.

बाबा म्हणाले, शाई ओली आहे, दुकानात पसरून वाळवतो. घाईत सगळाच गठ्ठा दिला. ती पण गेली त्यात!

१० फेब्रुवारी

बाबांनी पत्रिका परत दिल्या. घड्या घालून, कडा जुळवून, दोरा बांधून. चेहऱ्यावर काहीच नाही. वाचल्या नसाव्यात. सुटले.

होणारा नवरा — लांबू — दारातून वाकून आत आला आणि पाकिटं भरायला बसला. वरची पत्रिका, वरचं पाकीट. गप्पा, हसणं, डिंक. पोस्टात टाकून आलो.

घरी येताना लक्षात आलं — एक पत्रिका उरायला हवी होती. उरली नाही. लांबूनं कुणाच्या तरी पाकिटात दोन घातल्या वाटतं.

१३ फेब्रुवारी

मेले!!

डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. हातात पत्रिका. "मी तुझ्या परीक्षेच्या वेळी पहाटे भिंतीवर थापा कधी मारल्या?" ती ओळ शेजारच्या मावशींची!

घरी येऊन बाबांना विचारलं. तर म्हणे, "रंगाप्रमाणे लावून दिल्या. लालमध्ये लाल, हिरव्यात हिरवी. पसारा केला होतास नुसता." आणि आम्ही न बघता यादीच्या क्रमानं लावलेल्या पाकिटांत भरल्या. म्हणजे सगळ्याच चुकल्या! डोक्याला हात लावला. बाबा मात्र ब्रश धुता धुता हसत होते. आणि काकांसाठीची ती निळी? कुणाच्या घरी गेली असेल कोण जाणे.

१५ फेब्रुवारी

लांबूच्या आत्याबाईंचा फोन. त्या घरात सगळे त्यांना टरकून असतात. मी उभ्यानंच बोलले. त्यांना माझ्या मैत्रिणीची ओळ गेलीय: "तू नाचली नाहीस तर मी लग्नालाच उभी राहणार नाही!"

"हे मला लिहिलंस?"

खरं सांगणार होते. तोंडातून "हो" निघालं.

त्या म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर वर्षांत मला कुणी नाच म्हणालं नाही गं. कुठलं गाणं?"

२० फेब्रुवारी

लांबू सांगतो, आत्याबाई दार लावून सराव करतात. घर हादरतंय.

बाबा हॉलसाठी आमच्या नावांची पाटी हातानं रंगवतायत. प्रत्येक अक्षराखाली करडी सावली. "सावली दिली की अक्षर उठून उभं राहतं," — हे मी लहानपणापासून हजारदा ऐकलंय. दुसरा कुणी देतही नाही आता.

२४ फेब्रुवारी

लग्न झालं! आत्याबाई नाचल्या, डॉक्टर नाचले, मावशींनी भिंत नाही म्हणून टेबलावर थापा मारल्या.

पण आधी सकाळचं लिहिते. हॉलमध्ये बाबा शिडीवर होते, पाटी टांगत. शिडी डगमगत होती. दारात काका. नवा शर्ट, केस पांढरे. काका सरळ आले आणि शिडी धरली. बाबांनी खाली पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. म्हणाले, "जरा डावीकडे धर."

नऊ वर्षांनी पहिलं वाक्य! मी भरजरी कपड्यांत हमसून हमसून रडले.

नंतर बाबांना हळूच म्हटलं, "त्यांना कशी मिळाली हो पत्रिका?" बाबा पाटीकडे बघत म्हणाले, "तुझा गोंधळ. गेली असेल चुकून कुठून तरी."

२६ फेब्रुवारी

काकूंकडे जेवायला गेलो. पत्रिका त्यांनी पाकिटासकट जपून ठेवलीय. मी पाकीट हातात घेतलं. माझं अक्षर नव्हतं. काकांचं नाव, पत्ता, सगळं बारीक ब्रशनं लिहिलेलं. प्रत्येक अक्षराखाली करडी सावली.