कातड्याची विरी

माय,

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याच्यावर आजवर काय लावलं?" आणि तू पिशवीतून ती निळी बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवलीस, त्या घडीला माझं सगळं बदललं. लातूरचा तो दवाखाना, भर दुपार. पडद्याआड तुला तपासून त्या नुकत्याच बाहेर आल्या होत्या आणि हात धुताना त्यांनी माझ्याकडं एकदा असं बघितलं होतं, की मला खुर्चीत धड बसवेना. बाटली बोटभर उंचीची, वरचं रबर दाबून दाबून मळलेलं. मी ती लांबूनच ओळखली, कारण ती मीच तुला दिली होती. तू मात्र लेकाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी ती पुढं सरकवून म्हणालीस, "माझ्या पोरानं दिलेली हाय, बाई. त्यानं शिकलंय ह्याच्यातलं. लावलं की खाज थांबते बघा." बाईंनी लेबल वाचलं, बाटली हळूच खाली ठेवली आणि कागद पुढं ओढला. चिठ्ठी लिहायला लागल्या. जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा होता.

बाटलीतलं ते हायलुरॉनिक ॲसिड तुला मीच शिकवलं होतं ना. आपल्या मेसच्या त्या लांबट स्वयंपाकघरात. मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला, परीक्षा तोंडावर, आणि तू डॉक्टर व्हायला लातुरात आलेल्या गावोगावच्या पोरांच्या डब्यांसाठी भाकरी थापून राहिलेली. मी ओट्याला टेकून पुस्तक मोठ्यानं वाचायचो, कारण मनात वाचलं की दुसरीच कुणीतरी डोळ्यांसमोर यायची. तू विचारलंस, "असिड? ते तर संडासात टाकतात रं." मी हसलो. म्हणालो, नाव तसलं, पण ते आपल्या अंगातच तयार होतं. साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. ती पाणी धरून ठेवते. लहान पोराच्या कातड्यात ते भरपूर असतं, म्हणून गाल दाबला की वर येतो. वय झालं, उन्हात राबलं, की कातड्याच्या वरच्या थरांतलं ते कमी होत जातं, साखळी तुटून बारके बारके तुकडे होतात, आणि कातडं कोरडं पडतं, सुरकुततं. तू परातीतलं पीठ मुठीत दाबून बघितलंस. महिन्याभराचं जुनं पीठ होतं, भाकरी काठाला चिरत होती. "म्हणजे विरी म्हण की," तू म्हणालीस. "नव्या पिठाला विरी असते, थापलं की धरून राहतं. जुन्याची जाते. कातड्याची विरी हाय ती." आमच्या सरांनी तासभर फळा भरून सांगितलं होतं ते तू एका शब्दात संपवलंस. पेपरात मी ते लिहिलं नाही एवढंच. लिहायला पाहिजे होतं.

आणि ती दुसरी कुणीतरी, तिच्याबद्दल तुला सगळं ठाऊक होतं, तरी मी तुला कधी नीट सांगितलं नाही. नांदेडची होती, आमच्याच वर्गात. तिच्या वाढदिवसाला काय द्यावं म्हणून मी आठ दिवस बाजार पालथा घातला आणि शेवटी त्याच ॲसिडचं, तोंडाला लावायचं सिरम घेतलं. मला वाटलं, जे मला समजतं तेच तिला द्यावं. तिनं खोका उघडलासुद्धा नाही. म्हणाली, "घरी कुणी बघितलं तर काय सांगू? आणि माझ्या चेहऱ्याला काय झालंय?" मी तसाच घरी आलो आणि ती बाटली तुझ्या ओट्यावर आपटली. "घे, तू लाव." तुझ्या हाताला पीठ होतं, तू मनगटानं ती जवळ ओढलीस. "मला? तोंडाला लावायला?" असं म्हणून इतकी लाजलीस की मला वाटलं, चला, कुणाला तरी आवडलं. माझ्या रागाचा उष्टा घास तू भेट म्हणून ठेवून घेतलास. ती तू तोंडाला एकदाही लावली नाहीस, हे मला त्या दवाखान्यात कळलं.

तुझ्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळा पट्टा होता. तुझ्या वयाच्या सगळ्याच बायकांना असतो म्हणे. तू तर नाडी अशी आवळायचीस की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. वरणाची पातेली उचलायची, दिवसभर उभं राहायचं, चुलीची धग, घाम; "सैल बांधलं की कामाला जोर येत न्हाई" हे तुझं ठरलेलं. त्या पट्ट्यावर एका जागी आधी खवले धरले, मग चिरा पडल्या, मग ती चीर भरेना. आणि तुझ्याकडं काय होतं? लेकानं दिलेली बाटली, जी कातड्याची विरी परत आणते. तू तिथं लावलीस. गार वाटलं. रोज लावत गेलीस.

मी तोवर कॉलेज सोडलेलं होतं. तिची सोयरीक ठरली हे मला तिच्या चुलतभावाकडून कळलं, तेही कॉलेजच्या गेटवर, चार पोरांसमोर, हसत हसत. मी त्याची गचांडी धरली. प्राचार्यांनी तुला बोलावून घेतलं आणि तू मेसचं काम टाकून तशीच आलीस, पदराला हळद लागलेली. मला फक्त माफीचा अर्ज लिहायचा होता. मी ओळखपत्र गळ्यातून काढून त्यांच्या टेबलावर फेकलं आणि निघालो. बाहेर चिंचेखाली तू मला गाठलंस. वाटलं, मारशील. तू म्हणालीस, "रडायचं होतं तर घरी येऊन रडायचं. पोरीचा राग पुस्तकावर काढलास होय रं?" मग रिक्षाला हात केलास. ते बोल मला अजून ऐकू येतात.

तुकड्याचा अहवाल आला. नाडीच्या जागी वर्षानुवर्षं घासून, सोलून होणारा कातड्याचा कॅन्सर. बाई म्हणाल्या, वेळेत आला असता तर तेवढा भाग काढून काम भागलं असतं. आता जांघेत गाठी उतरल्या होत्या. आपरेशन झालं, विजेचे शेक झाले, किमो झाली, तुझे ते दाट केस गेले. "बरं झालं, भाकरीत केस निघायचा न्हाई आता," तू पोरांना म्हणालीस आणि पोरं जेवता जेवता थांबली. सव्वा वर्षानं तू गेलीस.

तुझ्यानंतर मी लातुरात राहूच शकलो नाही. नांदेडला एका कातडीच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला लागून औषधांचं दुकान आहे, तिथं काउंटरवर उभा राहतो. नांदेडच का, हे तू विचारलं असतंस. हाव, तिच्यामुळंच. ती तिथं नाहीच, लग्न करून कधीच लांब गेली, तरी मी तिच्या गावात राहतो, इतका मूर्ख आहे तुझा पोरगा. आणि नशीब असं, की दिवसाला चारदा मला तीच बाटली विकावी लागते. पहिली दोन वर्षं कुणी ती मागितली की माझा हात थांबायचा. कारण मी शोधून शोधून वाचलं होतं, की कॅन्सरच्या गाठीभोवती हेच हायलुरॉनिक ॲसिड साठलेलं सापडतं. म्हणजे मी तुला ते खायलाच घातलं, असं मला वाटायचं. एकदा एका गिऱ्हाइकाला मी "हे विष आहे, नेऊ नका" असं ओरडलो. मालकानं मला बाहेर काढलं आणि आमच्या डॉक्टरांनी आत बोलावलं.

त्यांना मी सांगितलं, ओळखीच्या एका बाईचं असं असं झालं. त्यांनी चहा मागवला आणि पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं. जखम झाली की शरीर हे द्रव्य तिथं वाढवतं, म्हणजे नव्या पेशींना हलायला मऊ, ओलसर जागा मिळते. साखळी अखंड, लांब असते तोवर ती पेशींना शांत ठेवते. तुटली, की तिचे बारके तुकडे हाकाटी करतात: इथं मोडतोड झालीय, रक्तवाहिन्या पाठवा, पेशी वाढवा. कॅन्सरच्या पेशी ह्याच व्यवस्थेचा फायदा घेतात. स्वतःभोवती ते द्रव्य करून घेतात, शेजाऱ्यांकडूनही करवून घेतात आणि त्यातून वाट काढत सरकतात. म्हणून म्हातारपणी जे कमी पडतं तेच गाठीपाशी उतू जातं. "पण ते गाठीनं स्वतःच तयार केलेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "बाटलीतलं वरच राहतं. फार तर पहिल्या पापुद्र्याला ओल धरतं. त्यानं कॅन्सर होतो किंवा वाढतो असं म्हणायला माझ्याकडं आधार नाही. त्या बाईंचं नुकसान सिरमनं केलं नाही. सिरम लावून वाट बघण्यानं केलं." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "आई होती का तुमची?" माझा चहा तसाच राहिला.

हे सगळं आज लिहायचं कारण मावशी. परवा तिचा निलंग्याहून फोन आला: "येताना ती बाटली घेऊन ये रं, आक्काला दिलेली." मी काल दुपारच्या एसटीनं आलो. बाटली आणली नाही. मावशी ओसरीत पाय पसरून शेंगा फोडत बसलेली.

"आणलीस का?"

"कशाला पाहिजे, मावशे?"

"कमरंला खाज हाय. नाडीपाशी. जरा चिरलंय, दुसरं काय न्हाई. आक्का म्हणायची, लई गार वाटतं."

"उद्या लातूरला चल. दाखवून येऊ."

"खाजंसाठी लातूर?" तिनं सुनेकडं बघून डोळे फिरवले. "ऐकलंस का गं? अर्ध्यात कॉलेज सोडलं आणि आता डॉक्टर होऊन आलाय!"

माझं डोकं फिरलंच. शेंगांची पाटी मी लाथाडली नाही एवढंच, पण आवाज असा चढला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. म्हणालो, "आईसारखं मरायचंय का तुला?" सून आत पळाली. मावशीनं शांतपणे हातातली शेंग फोडली, दाणे माझ्यापुढं ठेवले. "तुझ्या आईनं लपवलं म्हणून गेली ती," ती म्हणाली. "दवाखान्यात तिनंच सांगितलं ना, लाजंनं कुणाला बोलले न्हाई म्हणून? मी कुठं लपवून राहिले? तुला सांगितलं की. आता सोयाबीन काढून, मळून रास होऊ दे, मग बघू." म्हणजे सांगितलं की निम्मं काम झालं, असं तिला वाटतंय. रास व्हायला अजून दीड महिना आहे. दीड महिन्यात काय होतं ते मला ठाऊक आहे.

आणि तिच्या ह्या बोलण्याला उत्तर फक्त माझ्याकडं आहे, माय. तू लपवलं नव्हतंस. कॉलेज सोडून मी घरात पडून होतो, त्यातल्या एका सकाळी तू माझ्या खोलीच्या दाराशी आली होतीस. पदर कमरेपासून थोडा बाजूला धरून, मान दुसरीकडं वळवून. "लेकरा, जरा बघतोस का? मला दिसत न्हाई नीट. भरून आलंय का चिघळलंय?" मी फोनवर होतो. लग्नाआधी शेवटचं एकदा भेट म्हणून तिच्या हातापाया पडून राहिलो होतो. मी मान वर न करता ओरडलो, "मला काय विचारतीस? मी सोडलंय ना कॉलेज! जे लावतीस तेच लाव, होईल बरं." तू "हाव" म्हणालीस आणि डबे भरायला गेलीस. पुढं त्या दवाखान्यात बाईंनी "घरात कुणाला सांगितलं होतं का?" असं विचारलं, तेव्हा तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. "न्हाई बाई, मलाच लाज वाटली," म्हणालीस. तेव्हापासून सगळे सोयरे तेच बोलतात. मीही बोलतो. तुझ्या लाजेमागं मी आठ वर्षं लपून बसलोय.

आता सकाळचे साडेआठ वाजलेत. लातूरची गाडी साडेनऊला आहे. मावशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालून राहिली आहे, खिडकीतून दिसते. वाकताना एक हात कमरेवर ठेवते. तिला हे सांगितलं तर ती मला काय म्हणेल, परत दारात उभं करेल की नाही, माहीत नाही. पण आक्कानं सांगितलं होतं आणि ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही, हे कळलं तर ती दीड महिना थांबायची नाही. एवढं ओळखतो मी तिला. तुझीच बहीण आहे.

एक कबूल करतो, माय. हे मी तुला लिहीत नव्हतो. मावशीसमोर तोंड उघडायचं तर ती वाक्यं आधी कुठंतरी उतरवून बघायला पाहिजे होती, आणि तुझ्यासमोर मला कधीच लाज वाटली नाही. कागद तिच्याच चुलीत घालीन. सून आतल्या खोलीत आहे, तिच्या कानावर हे जायला नको. मी अंगणात चाललोय. दार ओढून घेतो.