नत्रवायू आणि सोमवारची तुकडी

मंगळवार, ७ फेब्रुवारी १९५६
फणसवाडी. चाळीच्या कमिटीने ठरवलं, दर खोलीतून एक माणूस सत्याग्रहाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी अटक करून घ्यायची. आमच्या खोलीतून मी, सोमवारच्या तुकडीत. छातीत धडधडलं. उत्साहच तो.
आधी लेख पुरा करणार: नत्रवायूच्या नावाची कुळकथा. मराठी राज्याला मराठी रसायनशास्त्र नको?

गुरुवार, ९
इंग्रजी नाव नायट्रोजन, सोरा या क्षारावरून आलेलं. ठीक. फ्रेंच म्हणतात अझोत, म्हणजे निर्जीव. यात कोंडलेला उंदीर मरतो. जर्मन नावाचा अर्थ गुदमरवणारा.
हवेच्या पाच भागांत चार भाग हाच! शाळेत बारा वर्षं शिकवतोय, आज पहिल्यांदा घाबरलो. खिडकी लावून घेतली. बकुळा म्हणाली, अहो, आतही तीच हवा ना. बायकोला शास्त्र सांगणं कठीण.

शनिवार, ११, संध्याकाळ
तुकडीप्रमुख रमाकांत आला. अश्रुधुरासाठी ओला रुमाल आणा म्हणाला. लाठी? तीही असेल म्हणाला. गेल्या महिन्यातल्या गोळीबाराचा विषय कोणी काढला नाही. मला मात्र तोच ऐकू येत होता.
विषय बदलला. नत्रवायू स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळू देत नाही, श्वासाला उपयोगी नाही, हे त्याला समजावलं.
"म्हणजे मास्तर, नुसता जागा अडवून बसतो?"
शास्त्राचा गंध नाही.

रविवार, १२
पोट बिघडलं. वालाची उसळ बाधली. तरी उद्या जाणार म्हणजे जाणार. रुमाल भिजवून ठेवला.

सोमवार, १३, सकाळी आठ
पाचपासून जागा. इथे कोण वाचतंय, लिहून टाकतो: भीती वाटते. फार.
बकुळाला म्हटलं, रमाकांतला सांग, लेखात जपानी नाव राहिलंय, पुढच्या सोमवारी नक्की. तिने रुमाल पिळला, कमरेला खोचला, चपला घातल्या.

दुपारी एक
खिडकीच्या फटीतून पाहिलं. पोलिसांच्या गाडीत तुकडी, तुकडीत बकुळा. घोषणा देत होती. घरात तिचा आवाज कधी एवढा चढला नाही. वर बघून ओरडली, "आमटी झाकून ठेवलीय. आणि ती खिडकी उघडा."
मी मागे सरलो.

मंगळवार, १४
कमिटीच्या फळ्यावर खोली अठरापुढचं माझं नाव पुसून तिचं लिहिलंय. तिला पंधरा दिवसांची शिक्षा.
जपानी नाव सापडलं. अर्थ तोच, गुदमरवणारा. लेख पुरा झाला.
खिडकी उघडली. हवा आत आली. मला काही झालं नाही. तिला तिथे खिडकी असेल का?