हाताचं पीठ

मुक्काम : भट्टीच्या वरची खोली
१६ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

तुझ्या ठोंब्याचा नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, तुम्हीही असाल, ही आपल्या घरच्या पत्रातली वाक्यं तू वाचल्यासारखी कर आणि पुढे ये. भावजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? चष्म्याच्या दुकानदारालाच मोतीबिंदू झाला म्हणून तुझी भावजय खूप हसली, मग लगेच म्हणाली, हसू नये, आपलं काय वेगळं चाललंय.

पत्र पाहून घाबरू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू "बोल" म्हणालीस की माझी बोबडी वळते. गेल्या वेळी केला होता तो कशासाठी केला होता हे तुला कळलंही नसेल. भट्टीचं दार कसं निखळलं ते मी रंगवून सांगितलं आणि ठेवून दिला. तुझी भावजय शेजारीच उभी होती. ती भांडी आपटत राहिली.

बेकरी चालू आहे. भट्टीवाले काका अजून पहाटे येतात, अजून पिठाला शिव्या घालतात, आणि अजून त्यांच्यासारखा पाव कुणाला जमत नाही. आई मात्र जागेवर आहे. खुबा मोडल्यापासून तिला उचलून बसवावं लागतं, आणि ती सुनेशिवाय कुणाला हात लावू देत नाही. एक बाई ठेवून पाहिली. आईने तिला तिसऱ्या दिवशी रडवून घालवलं. तोंड तेवढं शाबूत आहे, देवाची कृपा.

आता आमच्या पोरीचं, मुंगीचं. तू तिला पाहिलंस तेव्हा ती रांगत होती. आता नऊ वर्षांची आहे आणि सहा वर्षांच्या मुलीचे कपडे तिला सैल होतात. पोट तेवढं पुढे आलेलं, हातापायांच्या काड्या, तोंड सतत आलेलं, आणि चिडचिड अशी की विचारू नकोस. जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली. आई म्हणायची, "आपल्या घरात मुली बारीकच. ताई नव्हती का तशी?" ते ऐकून आम्ही निर्धास्त. शेवटी शाळेत पायऱ्या चढताना ती चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, बेशुद्ध करून पोटात नळी घालून आतड्याचा तुकडा काढला. सीलिॲक म्हणतात या आजाराला. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की तिचं शरीर चवताळून आपल्याच आतड्याला ओरबाडतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

"औषध काय?" मी विचारलं.

"औषध नाही. गहू, मैदा, रवा, जव, सगळं बंद. जन्मभर."

"अगदी थोडा चालेल?"

"चिमूटभरसुद्धा नाही. तुम्ही काय काम करता?"

मी सांगितलं. बाई हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. तुला कळवलं नाही, कारण आईने कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. बेकरीवाल्याच्या पोरीलाच पाव बाधतो म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणेल, ही तिची काळजी. आम्हीही अळीमिळी गुपचिळी करून बसलो. पण घरात कुणी हयगय केली असं म्हणू नकोस. मुंगीचं कपाट वेगळं, तवा वेगळा, पोळपाट-लाटणं सगळं नवं. भात, बटाटे, अंडी, मासे, फळं. पाव नाही म्हणून ती हिरमुसायची, तर आईनेच पदर खोचला. तेव्हा ती हिंडती-फिरती होती. तांदळाचं पीठ, बटाटा, अंडी असं काय काय घालून तिने बिनगव्हाचा पाव जमवला. पहिले काही दगडासारखे झाले, पण नंतर असा झाला की भट्टीवाल्या काकांनी दोनदा मागून खाल्ला. आणि त्या माणसाने आबांच्या पावालासुद्धा कधी बरं म्हटलेलं नाही.

मुंगी रोज तो पाव खायची आणि तिचं रक्त काही सुधरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठून तरी गहू जातोय, शोधा. आम्ही शोधलं. शाळेत जाऊन आलो, तिच्या मैत्रिणींच्या डब्यांवर संशय घेतला, तिच्यावरच घेतला. दप्तर झाडलं. पोरगी म्हणाली, "बाबा, मी नाही चोरून खात." मी म्हणालो, "मग आकाशातून पडतंय का?" ती रडली नाही. मान खाली घालून उभी राहिली. ताई, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

एक दिवस मी सहज आईजवळ उभा होतो. तिने मुंगीचा साचा घेतला, लोणी लावलं, आणि डाव्या हाताने शेजारच्या परातीतला मैदा चिमटीत घेऊन साच्यात भुरभुरला. साचा फिरवला, टकटक केलं, जास्तीचं झटकलं. बोलता बोलता. मलाही क्षणभर काही वाटलं नाही, एवढं ते आपल्या डोळ्यांना रोजचं. मग मी किंचाळलोच.

"आई, पीठ घातलंस."

"कुठे घातलं? साच्याला लावलं."

"मैदा आहे तो."

"अरे, ते हाताचं पीठ. ते काय खाण्यातलं असतं?"

तुला आठवत असेल, आबा पण असंच म्हणायचे. मोजून घ्यायचं ते पीठ. साच्याला, ओट्याला, हाताला लागतं ते हाताचं पीठ, त्याचा हिशेबच नाही. आपल्या घरात कुणी ते कधी पीठ म्हणून धरलंच नाही. कुठल्याही दुसऱ्या घरातल्या आजीने एवढं केलं नसतं आणि कुठल्याही दुसऱ्या घरातल्या आजीच्या हातून हे झालंही नसतं. आईला समजलं तेव्हा ती ओट्याशीच खाली बसली. त्यानंतर तिने साच्याला हात लावला नाही. पुढे ती जिन्यावरून पडली आणि अंथरुणाला खिळली, दुष्काळात तेरावा महिना.

खाली गिऱ्हाईक आलंय. उरलेलं उद्या लिहितो.

सोमवार

काल लिहिलेलं वाचलं. तू म्हणशील, ठोंब्या अजून मुद्द्यावर आलेला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड तू लहानपणापासून ओळखतेस.

साच्याची चूक सापडली तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. पुढच्या तपासणीत रक्त थोडं सुधारलंही. नंतर तिथेच अडून बसलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा विचारलं, काय खाते, कशात शिजवता, कुठे बसते. शेवटी म्हणाल्या, "बेकरी घरापासून किती लांब?"

मी म्हणालो, "लांब कुठली. खाली बेकरी, वर आम्ही."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

पोत्यातून मैदा ओतताना जो धुरळा उठतो ना, तो तासन्तास हवेत राहतो म्हणे. जिन्याने वर येतो, गादीवर बसतो, तिच्या पाण्याच्या पेल्यात पडतो, श्वासाबरोबर नाकातोंडात जातो आणि गिळला जातो. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पांढरी असते हे मी जन्मापासून पाहतोय. मग पडदे काढले, जिन्याला दार बसवलं, दाराच्या फटीत कापड. मी वर येण्याआधी मागच्या नळावर अंघोळ करतो आणि कपडे बदलतो. मुंगी दारामागून विचारते, "बाबा, धुऊन झालं?" झालं म्हटलं की उघडते.

एकदा ती शाळेतून उड्या मारत आली. पळण्याच्या शर्यतीत शेवटून दुसरी आली होती, शेवटची नाही, ही बातमी. मी पोती उतरवत होतो. ती धावत येऊन माझ्या कमरेला मिठी मारणार, तर मी दोन्ही हात वर केले आणि मागे सरकलो. पोलिसांनी पकडल्यासारखा. तिला आधी खेळ वाटला, हसली, तिनेही हात वर केले. मग तिच्या लक्षात आलं. "सॉरी बाबा," म्हणाली. तिने सॉरी म्हणावं? मी तिथेच पोत्यावर बसून राहिलो. काकांनी गिऱ्हाईक सांभाळलं.

एवढं सगळं करून आता गेल्या आठवड्याचा रिपोर्ट आला. जैसे थे. हाडं कच्ची आहेत, आणि वाढीचं वय हातातून चाललंय. नंतर कितीही सांभाळलं तरी गेलेली उंची परत मिळत नाही, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं. "हिला त्या घरातून हलवा," म्हणाल्या.

मी बेकरी विकायला काढली आहे. आबांची बेकरी, हो. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पोरीपेक्षा भट्टी मोठी नाही," आणि भट्टीकडेच तोंड करून उभे राहिले. पण घ्यायला कुणी पुढे येत नाही. येतो तो जागा बघतो, भट्टी पाडायचा खर्च बघतो, आणि कळवतो म्हणून जातो. तुझी भावजय म्हणाली, मी मुंगीला घेऊन कुठेतरी खोली करून राहते. मग आईला कोण उठवणार? मी उठवायला गेलो तर आई लाजेने रडते. आईलाच तिकडे न्यावं म्हटलं, तर ती म्हणते, "मला इथूनच उचला." इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये माझी पोर.

आता दुसरी गोष्ट, जी मी आतापर्यंत तुझ्यापासून चार हात लांब ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असं काही? मी नाही म्हणालो. आमची दोघांची रक्तं तपासली, काही निघालं नाही. गेल्या आठवड्यात परत येताना बसमध्ये मुंगी माझ्या खांद्यावर झोपली होती. तिचं तोंड उघडं होतं, ओठांच्या कडा फाटलेल्या. आणि मला तू दिसलीस, ताई. वरच्या खोलीत पोट धरून बसलेली. आपल्या आत्याने तुला तिच्याकडे राहायला नेलं तेव्हा तू अशीच होतीस. आत्याच्या घरी तीन वेळा भात. वर्षाने आलीस ती गालांनी गुबगुबीत, ओळखू येईना. आबा म्हणाले, आत्याने फितवलं. मग सुट्टीत यायचीस आणि दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू. "बाईसाहेबांना बापाचं अन्न पचत नाही," असं आबा पंगतीत म्हणायचे आणि आम्ही सगळे हसायचो. लग्नानंतरही तेच. शेवटी तू यायचीच बंद झालीस. तू मानी आहेस असं आम्ही धरून चाललो.

तुझं रक्त नेहमी कमी असतं. तुझी तीन गर्भारपणं पूर्ण झाली नाहीत. मी बाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांची तपासणी करून घ्या." या आजारात तसंही होऊ शकतं म्हणे. असेल किंवा नसेल, मला काय कळतंय. पण तू तपासून घे. आणि ऐक, तपासायच्या आधी पाव-बिस्किटं सोडू नकोस, नाहीतर रक्तात काही दिसत नाही. हे मात्र विसरू नकोस.

आता मागणं. मुंगीला तुझ्याकडे ठेवून घेशील का? बेकरी विकली जाईपर्यंत. कधी विकली जाईल ते मला माहीत नाही. तुझ्या घरी चष्मे आहेत, काचा आहेत, धूळ असेल ती साधी धूळ असेल. मला कळतंय मी कुणाला काय मागतोय. ज्या घराने तुला नाटकी म्हटलं, तेच घर आज पोर घेऊन तुझ्या दारात उभं आहे. लोक बोलतील, बरं झालं, हिला आयती लेक मिळाली. तुझ्या मनाला ते किती लागेल याचा विचार करूनच मी भट्टीच्या दाराबद्दल बोलत बसलो होतो. भावजय म्हणते, तुम्ही लिहा, त्या समजतील. लिहा म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. मुंगीचे कपडे पुन्हा पुन्हा धुतेय.

आज सकाळी मी मुंगीला विचारलं. अंघोळ करून, जवळ घेऊन. "आत्याकडे राहशील थोडे दिवस? तिथे तुझं पोट दुखणार नाही."

"मी बरी होईन तिथे?"

"होशील."

"आणि बरी झाले की?"

"की घरी यायचं."

"परत आजारी पडायला?"

हट्ट नव्हता, रुसवा नव्हता. तिने गणित विचारावं तसं विचारलं. मी तिचे केस नीट करत बसलो. तुलाही लहानपणी दर सुट्टीला हेच वाटत असणार. तू कुणाला विचारलंस का? आणि विचारलं असशील तर आपल्यापैकी कुणी ऐकलं का?

ताई, शेवटी रीत म्हणून लिहायला हवं की तुला जमलं नाही तरी मी समजून घेईन. मी समजून घेणार नाही. मला दुसरं दार नाही. तू आईशी बोलू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, या घरात पाऊल टाकू नकोस; मी तिला घेऊन स्टेशनवर येतो, तू फक्त तिचा हात धर. आणि ती तिथे वाढली, रमली, आणि मोठी होऊन तुझ्यासारखीच इकडे यायची बंद झाली, तर तिला मानी म्हणणार नाही. एवढं वचन देण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

नाही म्हणू नकोस.

तुझा, आणि आता तुझ्याच भरवशावर असलेला,
ठोंब्या