मामांची होडी आणि एक नारळ

कोरीट, मंगळवार

चि. हेमकांत यास नवनीतदाजींचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. ममताची कंबर बरी आहे, मिरची वाळत घातली आहे. आई (तुझी, माझी सासू) महिनाभरापासून इथे आहेत, दोन भाकरी खातात, टोमणे मोजले नाहीत. लोणखेड्याला तुम्ही खुशाल असालच. फोनच करणार होतो, पण फोनवर तू "मुद्द्यावर या दाजी" म्हणतोस, आणि या प्रकरणात मुद्दा शेवटी आहे.

मामा (तुझे वडील, माझे सासरे) गेल्यापासून त्यांची फायबरची होडी माझ्या खळ्यात पालथी पडली होती. रविवारी नवापूरचं गिऱ्हाईक बघायला येणार, तळाचा तडा बुजवून ठेवा, असं तू सांगितलंस. तडा वीतभर. मी म्हटलं, हात्तिच्या! वीरसिंगला विचारलं (हा कोंबड्यांच्या शेडवर फायबरचे पत्रे बसवतो). तो म्हणाला, आधी पॉलिशपेपरने घासा, वर काचेचं कापड आणि रेझिन, आणि रेझिनमध्ये हार्डनर थेंब मोजून. आता थेंब मोजायची सवय आपल्याकडे कुणाला आहे? मिरची आपण मुठीने टाकतो. मीही अंदाजाने ओतलं (जरा सढळ हाताने). ममताच्या दह्याच्या डब्यात ढवळतोय तोच डबा तापला, धूर निघाला, आणि डबा, ब्रश, काठी यांचा मिळून एकच दगड झाला. तो तिने ओट्यावर मांडलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मग वीरसिंगच बसला. तीन थर दिले. ठिगळ असं बसलं की मी वर उभा राहून पाहिलं.

काल होडी तापीत घालायची होती. आई अडून बसल्या, "आधी नारळ फोडा, मंग पानीमा टाका." मामा नेहमी काठावरच्या दगडावर फोडायचे. काल तो नारळ होडीच्या नाकावर बसला. नारळ फुटला नाही, होडी फुटली. (फायबर इतकी वर्षं ऊन खाऊन पापड झालंय.) ठिगळ मात्र शाबूत आहे, हे लक्षात ठेव. भोक त्याच्यापासून दोन हात पुढे, नारळाच्याच मापाचं. चूक माझी, होडी माझ्या ताब्यात होती. जे काय बोलायचं ते मला बोल. रविवारपर्यंत दुरुस्ती होणं नाही.

मुलांना लाड.

तुझा,
नवनीत

ता.क. ममता म्हणते, खोटं पाठवू नका. तर नारळ आईंच्या हातात होता. मी दगड पुढे केला, तो त्यांनी पायाने बाजूला सारला, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी नारळ होडीवर हाणला. म्हणाल्या, "आते दखू, कोन इकत लेस!" मग त्याच फुटक्या होडीत, काठावर, दिवस मावळेपर्यंत बसून राहिल्या. चहाही तिथेच घेतला.

आणखी एक. मामा रोज या होडीतून पलीकडच्या शेतात जायचे आणि आई काठावर भाकरी देऊन परत फिरायच्या. त्या होडीत त्या कालपर्यंत एकदाही बसल्या नव्हत्या, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. फार वाईट वाटलं रे. गिऱ्हाइकाला नको म्हणून कळव. आणि दुरुस्ती झाली की वल्हं मारायला तू ये. माझ्याबरोबर पाण्यात यायला त्या तयार नाहीत. म्हणतात, "जवाईले थेंब मोजता येत नही."